पावसाळा लागला की पेक्टिनेज पडतं: स्ट्रेन बदलण्याआधी पाण्याचा हिशोब करा

तक्रार दरवर्षी एकाच सुमाराला येते. एप्रिल-मेमध्ये गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेली ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी व्यवस्थित पेक्टिनेज, म्हणजे फळांच्या रसातलं पेक्टिन तोडणारं एन्झाइम, देत असते. मृग लागला की आकडे घसरायला लागतात, जुलैत निम्म्यावर येतात आणि चवथ आटोपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की आपोआप सावरतात. सावरले की सगळे विसरतात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तोच फोन येतो: "सर, कल्चर मेलं वाटतं."

कल्चर बहुतेक वेळा मेलेलं नसतं. पुण्याच्या एनसीआयएमकडून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीकडून, म्हणजे सूक्ष्मजीव जतन करणाऱ्या संग्रहांकडून, नवा स्ट्रेन (बुरशीचा वाण) मागवला जातो, त्यात महिना जातो, आणि नवा स्ट्रेनही जुलैत तेवढाच रडतो. मग कोंडा बदलतात, यूरिया वाढवतात, पीएच बदलतात. ऑक्टोबर येतो, आकडे वर जातात, आणि शेवटी जे बदललं असेल त्याला श्रेय मिळतं. अशा तऱ्हेने गोव्यातल्या लॅबांमध्ये काही अजब समजुती पक्क्या झाल्या आहेत.

हे लिहिणं एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी आहे आणि काजूचा, कोकमाचा, आंब्याचा रस काढणाऱ्या छोट्या युनिटमध्ये स्वतःचं एन्झाइम करून बघणाऱ्यांसाठीही. पद्धत घन माध्यमातली, म्हणजे फ्लास्कमध्ये किंवा ट्रेमध्ये ओलसर कोंडा, त्यावर बुरशी, चार-पाच दिवसांनी बफरमध्ये अर्क. मोठ्या टाकीत द्रव माध्यमात काम करणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात.

आधी बघा, घट खरी आहे का

पुष्कळदा एन्झाइम तेवढंच असतं, कमी होतो तो कागदावरचा आकडा. ॲक्टिव्हिटी, म्हणजे एन्झाइम किती काम करतं त्याचा आकडा, "प्रति ग्रॅम" लिहिता, ती कशाच्या ग्रॅममागे? ट्रेमधून उचललेल्या ओल्या मालाच्या ग्रॅममागे लिहीत असाल तर पावसाळ्यात आकडा पडणारच. जानेवारीत चार दिवसांत ट्रेमधलं पाणी उडतं. काढणीच्या वेळी मालात ५० टक्के ओल असेल, तर दर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम कोरडा माल आला. जुलैत काहीच उडत नाही. ओल ६५ टक्के राहिली तर त्याच एका ग्रॅममध्ये कोरडा माल फक्त ०.३५ ग्रॅम. बुरशीने तेवढंच एन्झाइम बनवलं असलं तरी तुमच्या वहीत ३० टक्के घट दिसेल. म्हणून प्रत्येक काढणीला थोडा माल १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि ॲक्टिव्हिटी कोरड्या वजनावर लिहा. जुन्या वह्यांमध्ये ओलीची नोंद नसेल तर त्या आकड्यांशी तुलना करू नका, त्यातून काही हाती लागणार नाही.

दुसरी शंका घ्यायची ती डीएनएसवर, म्हणजे पेक्टिन तुटून काय सुटलं ते रंगावरून मोजणाऱ्या चाचणीवर. आज वापरतात त्या रूपात ही पद्धत मिलर यांनी १९५९ साली मांडली. स्वस्त आहे, सगळीकडे चालते, आणि निष्काळजीपणा अजिबात खपवून घेत नाही. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं, असं सगळ्यांना पाठ असतं. पण छोट्या वॉटर बाथमध्ये थंड नळ्यांनी भरलेला स्टँड एकदम सोडला की उकळी बसते. पाणी पुन्हा उकळायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि घड्याळ मात्र नळ्या सोडल्यापासून लावलेलं असतं. रंग कमी उतरतो. बाथ मोठा घ्या, नळ्या कमी ठेवा, आणि स्टँडर्डच्या (माहीत असलेल्या मापाच्या) नळ्या दर वेळी नमुन्यांबरोबर त्याच स्टँडमध्ये उकळा. मार्चमध्ये काढलेली स्टँडर्डची रेघ ऑगस्टमध्ये वापरू नका. स्टँडर्डही पेक्टिन तुटल्यावर सुटणाऱ्या गॅलॅक्टुरोनिक ॲसिडचंच हवं. ग्लुकोज हाताशी असतं म्हणून त्याच्यावर भागवणारे बरेच आहेत, पण डीएनएसचा रंग दोघांशी सारखा येत नाही.

पेक्टिनची पावडर हवेतली ओल ओढते, हेही पावसाळ्यातच नडतं. डबा उघडा राहिला की वजनात पाणी येतं आणि मिसळताना गुठळ्या होतात. गुठळीच्या आतलं पेक्टिन कोरडंच राहतं, त्यामुळे तुमचं एक टक्क्याचं द्रावण प्रत्यक्षात एक टक्क्याचं नसतं. कोमट बफर ढवळत ठेवा आणि पावडर चिमटीचिमटीने भुरभुरवा. द्रावण त्या दिवसापुरतंच करा. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेल्या पेक्टिनमध्ये कोणीतरी आधीच जेवून गेलेलं असतं.

ब्लँक, म्हणजे वजा करायच्या तुलनेच्या नळ्या, दोन लावायचे: एकात पेक्टिन आहे पण एन्झाइम नाही, दुसऱ्यात एन्झाइम आहे पण पेक्टिन नाही. दुसरा ब्लँक कंटाळ्यापोटी गाळला जातो आणि पावसाळ्यात तोच सर्वात महत्त्वाचा असतो. नायजर अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइमही सोडते, कोंड्यातल्या स्टार्चची साखर करते, आणि ती साखर अर्कात उतरते. हा ब्लँक चाचणीच्या नळीइतकाच गडद आला, तर दोघांची वजाबाकी करून येणाऱ्या आकड्याला अर्थ नाही. अर्क आणखी पातळ करा किंवा डायलिसिस करून साखर काढून टाका.

या सगळ्या शंका एका झटक्यात मिटवायचा उपाय सोपा आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या चांगल्या बॅचचा अर्क छोट्या नळ्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. एकेक नळी एकदाच वितळवायची, उरलेलं परत गोठवायचं नाही. जुलैत आकडा पडला की त्यातली एक नळी काढून नेहमीसारखी तपासा. तिचाही आकडा तेवढाच पडला, तर बुरशी निर्दोष, तपासणी दोषी. तिचा आकडा जागेवर असेल तर पुढे वाचा.

कोंडा आधीच प्यायलेला असतो

आमच्याकडे कोंडा येतो तो पोत्यातून. म्हापशाच्या बाजारातून आणा नाहीतर फोंड्यातल्या गिरणीतून, पोतं दुकानात जमिनीवर उभं असतं आणि मागची भिंत जूनपासून घाम गाळत असते. उन्हाळ्यात ज्या कोंड्यात १० टक्के ओल असते त्यात जुलैत १६ टक्के सहज सापडते. हाताला फरक कळत नाही, वहीतली कृती मात्र तीच राहते: १०० ग्रॅम कोंडा, १२५ मिलि पाणी.

गणित करून बघा. १० टक्के ओलीच्या १०० ग्रॅम कोंड्यात ९० ग्रॅम कोरडा माल आणि १० ग्रॅम पाणी. वरून १२५ मिलि घातलं की एकूण २२५ पैकी १३५ पाणी, म्हणजे बरोबर ६० टक्के. आता १६ टक्क्यांचा कोंडा घ्या: कोरडा माल ८४, पाणी १६ अधिक १२५ म्हणजे १४१, ओल ६२.७ टक्के. त्यात ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात) कापसाच्या बोळ्यातून गळलेलं आणि फॉइलखाली साचलेलं १० मिलि पाणी धरलं तर ६४ टक्क्यांच्या पुढे गेलात. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. ६० टक्क्यांना कोंड्याचे कण सुटे राहतात आणि मधून हवा फिरते. ६५च्या आसपास बारीक कोंडा चिकटायला लागतो, कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, बुरशीचे धागे वरच्या थरातच राहतात. खाली हवा नाही आणि पाणी भरपूर, म्हणजे जीवाणूंची सोय झाली.

८४ ग्रॅम कोरड्या मालाला तुम्ही १०० ग्रॅम कोंडा म्हणताय, हेही विसरू नका. उन्हाळ्यात तेच ९० होते. घातलेल्या कोंड्याच्या ग्रॅममागे ॲक्टिव्हिटी लिहिणाऱ्याची जवळजवळ ७ टक्के घट इथेच झाली.

तेव्हा पावसाळ्यात दर पोत्याची, आणि पोतं महिनाभर पुरत असेल तर दर आठवड्याला, कोंड्याची ओल मोजा आणि घालायचं पाणी त्याप्रमाणे ठरवा. सूत्र पाठ करायची गरज नाही. कोरडा माल काढा, त्याला ०.४ने भागा, येणाऱ्या एकूण वजनातून कोंड्याचं वजन वजा करा. उरेल तेवढं पाणी. १६ टक्क्यांच्या कोंड्याला ते ११० मिलि येतं. बीजाणूंचं द्रावण घालणार आहात तेही याच हिशोबातून कापायचं. पोत्यातला कोंडा आणल्या दिवशीच ६० अंशांना पसरून वाळवून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरला तर ही रोजची कटकट बरीच कमी होते.

मोजमाप करायला वेळ नसेल तेव्हा हात वापरा. ऑटोक्लेव्हनंतर गार झालेला कोंडा हातमोजा घालून मुठीत दाबा. रव्याच्या लाडवासारखा वळायला हवा, बोटाने ढकलला की फुटायला हवा. बोटांच्या फटीतून पाणी दिसलं की पाणी जास्त झालं. हे नमुन्याच्या फ्लास्कवर करा, लस (बुरशीचे बीजाणू) टोचायच्या फ्लास्कवर नाही.

कोंड्याचा जाडपणाही बघा. पोईसाठी (गोव्याच्या कोंड्याच्या पावासाठी) जाडसर कोंडा मिळतो तो चालतो. पिठासारखा बारीक असेल तर चाळून बारीक भाग काढा.

उष्णता: इन्क्युबेटर ३० दाखवतो, कोंडा काय दाखवतो?

माझ्या मते खरी मेख इथे आहे, आणि इकडे कोणी बघत नाही.

वाढणारी बुरशी तापते. दुसऱ्या दिवशी, साधारण २० ते ४० तासांच्या दरम्यान, ती सर्वात जास्त उष्णता सोडते. कोंडा उष्णता वाहून नेण्यात अगदी मठ्ठ आहे, हवेने भरलेला असल्यामुळे. मग ती उष्णता जाते कुठे? मुख्यतः वाफेबरोबर. एक ग्रॅम पाणी उडताना जवळपास २,४०० जूल उष्णता घेऊन जातं. कोरड्या हवेत ट्रे स्वतःला असाच गार ठेवतो. म्हणजे डिसेंबरात उडणारं पाणी ही नुसती नासाडी नसते, तोच तुमचा कूलर असतो.

जुलैत आर्द्रता नव्वदीत. ट्रेरूमच्या हवेत २६ अंश, छान गार वाटतं म्हणून एसी बंद. पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. पंखा लावला तर बीजाणू उडतील म्हणून पंखाही बंद. हवा जागच्या जागी तुंबते, ट्रेवरचा हवेचा थर ओलीने भरून जातो आणि पाणी उडायचं थांबतं. खोली गार, ट्रे तापलेला. नायजर ३० अंशांच्या आसपास सुखात असते. थराच्या मधोमध ४०च्या वर पारा गेला की वाढ मंदावते आणि तयार झालेलं एन्झाइमही त्या ओल्या उष्णतेत मरायला लागतं. वरून मात्र काळेभोर बीजाणू दिसतात आणि आपण खूश.

लांब दांड्याचा थर्मामीटर किंवा प्रोब स्पिरिटने पुसून ट्रेच्या मध्यात खुपसा. खोलीचं तापमान लिहून ठेवण्यापेक्षा ते तापमान लिहा, दुसऱ्या दिवशी दर तीन-चार तासांनी. शुक्रवारी लस टोचली की हा काळ शनिवारी रात्री येतो, तेव्हा लॅबमध्ये वॉचमनशिवाय कोणी नसतं. पावसाळ्यात लस सोमवारी सकाळी टोचा.

मध्यभाग तापत असेल तर थर पातळ करा. दोन-अडीच सेंटीमीटरच्या वर जाऊ नका, ट्रे वाढले तरी चालतील. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅम कोंडा ठीक. फ्लास्क वाचवायला २५ ग्रॅम कोंबू नका. पहिल्या दिवसाच्या शेवटी, धाग्यांची पांढरी जाळी दिसायला लागली की फ्लास्क तळहातावर आपटून किंवा निर्जंतुक चमच्याने थर एकदा हलकेच मोकळा करा. जपानी कोजीवाले, म्हणजे तांदळावर बुरशी वाढवणारे, तांदूळ हाताने उलथून मोकळे करतात ते याचसाठी. (१८९४ साली जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत ॲस्परजिलस ओरायझीपासून मिळणाऱ्या डायस्टेजचं (स्टार्चची साखर करणाऱ्या एन्झाइमचं) पेटंट घेतलं, ते तांदळाऐवजी गव्हाच्या कोंड्यावर काम करून. बुरशीच्या एन्झाइमचा धंदा सुरू झाला तो असा कोंड्यावरच.) पण हे एकदाच करा. रोज हलवलंत तर धागे तुटतात आणि बुरशी एन्झाइम बनवायचं सोडून बीजाणूंच्या मागे लागते.

हवा हलती ठेवा. डिह्युमिडिफायर असेल तर उत्तम, नसेल तर एसी चालू ठेवा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, त्यासाठीच तो हवा आहे. फक्त झोत थेट ट्रेवर नको.

पाहुणे

ओल आणि उष्णता सांभाळली तरी पावसाळ्यात कोणी ना कोणी न बोलावता येतंच. कोण आलंय ते वासावरून आणि रंगावरून बरंचसं कळतं.

चांगल्या बॅचला ओल्या मातीचा, अळंब्यांच्या जवळपासचा वास येतो. आंबूस वास, बोटाला तार लागणं किंवा अमोनियाचा भपका म्हणजे जीवाणू, बहुतेक बॅसिलस. त्याचे बीजाणू कोंड्यातच असतात आणि गच्च भरलेल्या फ्लास्कच्या मध्यभागी १२१ अंश पोचायला वेळ लागतो. १५ पौंडांवर १५ मिनिटं हा नियम द्रव माध्यमाचा आहे. कोंड्याला ३० ते ४० मिनिटं द्या, तेही हवा पूर्ण निघून वाफ भरल्यावर मोजून. मध्येच लाईट गेली आणि दाब उतरला तर उरलेली मिनिटं पुढे मोजायची नसतात, पहिल्यापासून सुरुवात करायची.

बोळ्यावर नारिंगी पावडर दिसली तर ती न्यूरोस्पोरा. पावसात रस्त्याकडेला टाकलेल्या उकडलेल्या कणसाच्या दांड्यावर हीच नारिंगी बुरशी दिसते. ओल्या कापसातून ती बाहेरून आत आणि आतून बाहेर वाढत जाते. तिचे बीजाणू इतके हलके असतात की एक फ्लास्क उघडला तर आठवडाभर सगळी लॅब नारिंगी. तो फ्लास्क हुंगू नका, उघडू नका, होता तसा ओल्या कापडात गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये टाका. बोळे ऑटोक्लेव्हनंतर ओव्हनमध्ये सुकवा आणि त्यावर फॉइलची टोपी बांधा.

हिरवट-पिवळी झाक दिसली तर बॅच फेका. सगळीच्या सगळी फेका, वरचा थर काढून भागवू नका. ॲस्परजिलस फ्लेव्हस पावसाळ्यात सगळीकडे असतो आणि त्याचे काही स्ट्रेन अफ्लाटॉक्सिन हे विष करतात. ओरायझी वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण ती फ्लेव्हसची सख्खी नातेवाईक आहे आणि नुसत्या डोळ्यांना दोघी वेगळ्या ओळखू येत नाहीत.

आणि कोळीवर्गातले माइट. चवथीच्या सुट्टीनंतर लॅब उघडली की यांची खूण सापडते: प्लेटवर मूळ वसाहतीपासून कडेपर्यंत ठिपक्यांची वाकडीतिकडी रांग, प्रत्येक ठिपका म्हणजे एक नवी इवलीशी वसाहत. माइट बुरशी खात चालत जातो आणि पायांना, पोटाला चिकटलेले बीजाणू पेरत जातो. प्लेट डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली धरा, पांढुरका, पारदर्शक ठिपका अंगावरच्या केसांसकट हळूहळू सरकताना दिसेल. एका प्लेटवर सापडला की त्या कपाटातल्या सगळ्या प्लेटा संशयित. तुमची "शुद्ध" नायजर आता शुद्ध आहे असं धरू नका. प्लेटा, स्लांट (तिरप्या माध्यमावर बुरशी वाढवलेल्या नळ्या) बंद पिशवीत घालून दोन-तीन दिवस उणे २० अंशांना ठेवा. बुरशीचे बीजाणू बहुधा वाचतात, माइट मरतात. अंडी तगण्याची शक्यता असते म्हणून काही दिवसांनी पुन्हा तेच करा. कपाट स्पिरिटने पुसा, जुन्या प्लेटा साठवायची सवय सोडा. पॅराफिल्मची (ताणून चिकटवायची पट्टी) गुंडाळी करून काम भागतं असं समजू नका, माइट त्यातूनही वाट काढतात.

स्ट्रेन खरोखरच बिघडला असेल तर

तेही होतं. दर महिन्याला स्लांटवरून स्लांटवर नेलेली बुरशी दोन-तीन वर्षांत बदलते: काळ्या वसाहतीत पांढरा, कापसासारखा पट्टा दिसतो, बीजाणू कमी येतात. पण ते सिद्ध करायचं असेल तर एकाच दिवशी, एकाच लसीने दोन प्रकारचे फ्लास्क लावा, काही पोत्यातल्या कोंड्याचे आणि काही वाळवून ओल मोजलेल्या कोंड्याचे. शेजारी फ्रीझरमधल्या जुन्या मूळ साठ्यावरून काढलेली लसही दोन्ही कोंड्यांवर लावा. वाळवलेल्या कोंड्यावर दोन्ही लसी सारख्या चालल्या तर स्ट्रेन ठीक आहे. जुनी लस चालली आणि रोजची नाही चालली, तरच रोजची टाकून द्या. अशा तुलनेसाठी मूळ साठा हवा, म्हणून ग्लिसरॉलमध्ये बीजाणू गोठवून ठेवणं हे स्ट्रेन आणल्या दिवसाचं काम आहे.

लसीत बीजाणू मोजून घाला, कोंड्याच्या ग्रॅममागे दहा लाख ते एक कोटीच्या दरम्यान. "एक लूप" हे माप नाही.

काजूच्या झाडाखाली कुजलेल्या बोंडांवरून स्वतः काढलेल्या काळ्या बुरशीला लगेच नायजर म्हणू नका. काळ्या ॲस्परजिलसांचं मोठं कुटुंब आहे, त्यात ट्युबिंजेन्सिस आहे, कार्बोनेरियस आहे, आणि ही कार्बोनेरियस ऑक्रॅटॉक्सिन हे विष करण्यात पटाईत. खुद्द नायजरचेही काही स्ट्रेन ऑक्रॅटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन हे दुसरं विष करतात. जातीची खात्री कॅल्मोड्युलिन जीनच्या क्रमावरून करून घ्या, आणि खाण्यात जाणार असेल तर टॉक्सिनची तपासणी वेगळी. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) प्रोसेसिंग एड्सच्या, म्हणजे अन्न बनवताना वापरायच्या मदतनीस पदार्थांच्या, यादीत एन्झाइमच्या नावाबरोबर ते कोणत्या जिवापासून मिळवलं हेही लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. चंद्रलता रघुकुमार यांनी सागरी बुरशी आणि लिग्निन तोडणारी त्यांची एन्झाइम्स यांवर मोठं काम केलं. ते वाचून उत्साहाने खारफुटीतली बुरशी आणणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. जरूर आणा, अभ्यास करा. पण तिचा अर्क रसात घालायला निघू नका.

काढणीची वेळ

थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात ॲक्टिव्हिटीचा शिखरबिंदू सरकतो. "आम्ही ९६ तासांना काढतो" हा नियम जानेवारीत ठरला असेल तर जुलैत तो लागू असेलच असं नाही. ४८ तासांपासून रोज एक फ्लास्क काढून तपासा. उशीर झाला तर नायजर स्वतःच माध्यम आंबट करते आणि तिचे आम्लात चालणारे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स) तुमचं पेक्टिनेज खाऊन टाकतात. अर्क काढल्यावर मलमलीत पिळून झाला की लगेच बर्फात ठेवा. बाहेर गार वाटतंय म्हणून टेबलावर ठेवलेला अर्क २७ अंशांना असतो.

ॲक्टिव्हिटी चांगली, तरी काजूचा रस गढूळच

हा प्रश्न वेगळा आहे पण त्याच फोनवर येतो. काजूचा हंगाम मे अखेरीस संपतो, म्हणून पावसाळ्यात चाचणी होते ती फ्रीझरमधल्या नीऱ्यावर, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसावर. गोठवून वितळवलेला रस तसाही जरा गढूळ होतोच, त्याचं खापर एन्झाइमवर फोडू नका.

एन्झाइमने काम केलं का, ते बघायला अल्कोहोल चाचणी करा. थोडं ॲसिड घातलेलं इथेनॉल दोन भाग आणि गाळलेला रस एक भाग नळीत मिसळा, एकदा सावकाश उलटी-सुलटी करा, पंधरा मिनिटं थांबा. धागे किंवा जेलीचे ढग वर तरंगले तर पेक्टिन शिल्लक आहे: एन्झाइम वाढवा किंवा वेळ वाढवा. द्रावण स्वच्छ राहिलं आणि रस मात्र गढूळ असेल, तर पेक्टिन संपलेलं आहे आणि तुम्ही भलत्याच शत्रूवर बाण सोडताय. काजूच्या बोंडात टॅनिन भरपूर. खाल्ल्यावर घसा धरतो तो त्यानेच. हे टॅनिन प्रथिनांना धरून गढूळपणा करतं, आणि एन्झाइम हेही प्रथिनच असल्यामुळे तुमचं पेक्टिनेजही त्याच्या तावडीत सापडतं. बोंडांचा चोथा कोंड्यात मिसळून बुरशी वाढवणाऱ्यांनी तो आधी धुऊन घ्यावा, तो याचसाठी.

म्हणून क्रम बदला. आधी पातळ शिजवलेला साबुदाणा किंवा तांदळाची पेज रसात ढवळून टॅनिन तळाला बसू द्या, वरचा रस निथळून घ्या, मग पेक्टिनेज घाला. साबुदाणा घालताना हात आखडता ठेवा. शेवटच्या रसात आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग आला, तर आता गढूळपणा स्टार्चचा आहे आणि त्याला अमायलेज लागेल, पेक्टिनेज कितीही ओतलंत तरी उपयोग नाही.